प्रथिनांच्या उत्क्रांतीवृक्षासाठी मॉडेल निवडताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

फेब्रुवारी-मार्च आला की कलिना, माटुंगा, वर्सोवा अशा ठिकाणांहून एमएस्सीच्या प्रकल्पांचे अहवाल माझ्याकडे वाचायला येतात. त्यातल्या निम्म्यांत एकच वाक्य असतं: ‘सॉफ्टवेअरने सुचवलेलं सर्वोत्तम मॉडेल वापरून झाड काढलं.’ (झाड म्हणजे उत्क्रांतीवृक्ष, कोण कोणाच्या जवळच्या नात्यातलं हे दाखवणारा.) कोणत्या यादीतून सर्वोत्तम? कोणत्या निकषावर? त्याच्या खालचं मॉडेल घेतलं असतं तर झाड बदललं असतं का? असं विचारलं की समोरचा गप्प होतो. चूक मुलांची नाही. त्यांना सॉफ्टवेअर चालवायला शिकवलेलं असतं, पण मॉडेलांची तुलना कशी करायची हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख, टप्प्याटप्प्याने.

उदाहरण आपल्या बाजारातलंच घेऊ. समजा, ससून डॉकवर मिळणाऱ्या २४ जातींच्या माशांचं सायटोक्रोम-बी हे मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिन घेऊन झाड काढायचं आहे. बोंबील, पापलेट, हलवा, सुरमई, बांगडा, मांदेली, तारली वगैरे. सॉफ्टवेअर आयक्यू-ट्री धरतो, कारण बहुतेकांकडे तेच असतं. दुसरं असलं तरी क्रम हाच राहील.

मॉडेल म्हणजे काय, ते थोडक्यात. २० अमिनो आम्लांच्या १९० जोड्या होतात. कोणतं आम्ल कोणात सहज बदलतं आणि कोणात क्वचितच, याचा तक्ता म्हणजे मॉडेलचा गाभा. त्याच्या जोडीला प्रत्येक आम्ल एकूण किती प्रमाणात आढळतं ते, आणि प्रथिनाच्या सगळ्या जागा सारख्याच वेगाने बदलतात की नाही ते. मॉडेलच्या नावात अधिकचिन्हं लावून जी अक्षरं येतात, ती या शेवटच्या दोन गोष्टींची.

## टप्पा १: सिक्वेन्स गोळा करताना नावं नीट लावा

सिक्वेन्स म्हणजे डीएनएतल्या बेसांचा किंवा प्रथिनातल्या आम्लांचा क्रम. फाइलमध्ये प्रत्येक सिक्वेन्सला शास्त्रीय नाव द्या, रोमन लिपीत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर टाकून. रिकामी जागा सोडली की बरीच सॉफ्टवेअर तिच्यापुढचं नाव कापून टाकतात. मग एकाच प्रजातीच्या (जीनसच्या) दोन जाती एकाच नावाच्या होतात आणि प्रोग्राम अडतो.

बाजारातलं नाव वापरायचा मोह टाळा. इंग्रजीत पापलेटही पॉम्फ्रेट आणि हलवाही ब्लॅक पॉम्फ्रेट, पण कुळं वेगळी. पापलेट पॅम्पस या प्रजातीतलं, हलवा म्हणजे पॅरास्ट्रोमेटियस नायजर, कॅरँजिडी कुळातला. नावावरून दोघांना भावंडं समजलात, तर बरोबर आलेलं झाड चुकलं म्हणून परत करायला बसाल.

तपासा: प्रत्येक जातीचा एकच सिक्वेन्स आहे ना? तेच जनुक आहे ना? लांबी सारखी आहे ना? बहुतेक माशांत सायटोक्रोम-बीचं जनुक ११४१ बेसचं असतं आणि प्रथिन ३८० आम्लांचं. शेवटचा एक सुटा टी राहतो, कारण स्टॉप कोडॉन आरएनएला ए-ची शेपटी लागल्यावर पुरा होतो. तो सुटा टी बघून फाइल बिघडली असं समजू नका.

## टप्पा २: डीएनएवरून प्रथिन काढताना कोणता संकेत वापरलात?

सर्वांत जास्त नुकसान मी या टप्प्यावर होताना पाहिलं आहे, आणि एकदा माझ्या हातूनही झालं आहे.

जनुकीय संकेत म्हणजे तीन बेसांचा कोणता गट कोणतं आम्ल देतो त्याची यादी. पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा संकेत नेहमीच्या संकेताहून वेगळा आहे. एनसीबीआय या सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहाच्या यादीत तो २ क्रमांकाचा तक्ता. नेहमीच्या १ क्रमांकाच्या तक्त्यात टीजीए म्हणजे स्टॉप, इथे ट्रिप्टोफॅन. तिथे एटीए म्हणजे आयसोल्युसिन, इथे मेथायोनिन. तिथे एजीए आणि एजीजी म्हणजे आर्जिनिन, इथे स्टॉप.

माझं झालं ते असं. १ क्रमांकाच्या तक्त्याने काढलेलं प्रथिन मी उघडलं तेव्हा मध्येमध्ये तारे, म्हणजे स्टॉपच्या खुणा, दिसले. घाईत होतो, सगळ्या ताऱ्यांच्या जागी एक्स, म्हणजे ‘आम्ल माहीत नाही’, टाकला आणि पुढे गेलो. प्रोग्रामने काही तक्रार केली नाही, झाडही आलं. दोन आठवड्यांनी सहज एक ओळ यूनिप्रॉट या प्रथिनांच्या संग्रहातल्या नोंदीशी ताडून बघितली, तर जिथे मेथायोनिन हवा तिथे माझ्याकडे आयसोल्युसिन. तारे निदान दिसले तरी होते, एटीएची चूक दिसतच नाही. खोट्या आयसोल्युसिनची गर्दी झाली की आम्लांचं प्रमाण बिघडतं, आणि मॉडेलांची तुलना नेमकी त्या प्रमाणावरच उभी असते. त्या दोन आठवड्यांचं सगळं काम फेकून द्यावं लागलं.

सावधान: कोळंबी, खेकडा किंवा शिंपल्यांवर काम असेल तर तक्ता २ नाही, ५. तिथे एजीए आणि एजीजी म्हणजे सेरिन.

तपासा: योग्य तक्ता लावूनही मध्येच तारा आला, तर त्याला एक्सने झाकू नका. वाचनाची चौकट एका बेसने सरकली असेल, किंवा मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाची केंद्रकात जाऊन पडलेली निकामी प्रत तुमच्या हाती लागली असेल. दोन्ही वेळा तो सिक्वेन्स बाहेर काढायचा.

## टप्पा ३: अलाइनमेंट करा आणि गोठवा

अलाइनमेंट म्हणजे सगळे सिक्वेन्स एकाखाली एक असे लावणं, की एकमेकांशी जुळणाऱ्या जागा एकाच स्तंभात येतील. मॅफ्ट या प्रोग्रामच्या अचूक पद्धतीने २४ सिक्वेन्स काही क्षणांत लागतात. मग अलीव्ह्यू किंवा जालव्ह्यूमध्ये फाइल उघडा आणि डोळ्यांनी बघा. सायटोक्रोम-बीची लांबी फारशी बदलत नाही. त्यामुळे एकाच माशात मध्येच मोकळी जागा दिसली, किंवा एका ओळीत सलग तीस-चाळीस आम्लं बाकीच्यांशी अजिबात जुळत नसली, तर ती उत्क्रांती समजू नका. मूळ डीएनएत एक बेस गळाला असण्याचीच शक्यता जास्त.

छाटणी बेताने करा. या प्रथिनासाठी दोन्ही टोकांचे अर्धवट स्तंभ काढले तरी पुरतं. आपोआप छाटणारी साधनं कडक लावली तर वेगाने बदलणारे स्तंभही जातात, आणि जवळच्या जातींमधला फरक तिथेच असतो.

आता ही फाइल गोठवा. नावात तारीख घाला आणि पुन्हा हात लावू नका. पुढची सगळी तुलना या एकाच फाइलवर होणार आहे.

सावधान: दोन वेगवेगळ्या अलाइनमेंटवरच्या मॉडेलांचे आकडे कधीही शेजारीशेजारी ठेवू नका. मॉडेल डेटाला किती बसतं ते सांगणारा लॉग-लाइकलिहुड हा आकडा म्हणजे स्तंभागणिक होणारी बेरीज आहे आणि प्रत्येक स्तंभ तिला आणखी ऋण करतो. ३८० स्तंभांतले ४० कापले की आकडा आपोआप ‘सुधारतो’. एका मुलीने छाटलेल्या फाइलचा बीआयसी (मॉडेलं ताडायचा निकष, कमी तितका बरा; टप्पा ७ बघा) कमी आला म्हणून छाटणीमुळे मॉडेल चांगलं बसलं असा निष्कर्ष लिहून आणला होता. बिचारीने मेहनत खूप घेतली होती, पण स्तंभच कमी झालेले, आकडा कमी येणारच. याच कारणाने डीएनएच्या मॉडेलचा आकडाही प्रथिनाच्या मॉडेलशी ताडता येत नाही.

## टप्पा ४: उमेदवार मॉडेलांची यादी आधी कागदावर लिहा

सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर ते हाताशी असलेले आम्लांच्या बदलांचे सगळे तक्ते लावून बघतं. छोट्या अलाइनमेंटवर मग भलतेच निकाल येतात. माशाच्या प्रथिनाला एचआयव्हीचं मॉडेल सर्वोत्तम ठरल्याचं मी एकाहून जास्त अहवालांत वाचलं आहे. स्तंभ थोडे असले की योगायोगाने कोणताही तक्ता जवळ बसतो. म्हणून आकडे दिसण्याआधी, तुमचं प्रथिन कुठलं आहे यावरून यादी ठरवा.

माशांच्या मायटोकॉन्ड्रियातलं प्रथिन असेल तर एमटीव्हर, एमटीरेव्ह, एमटीझोआ, एमटीमेट. कोळंबी-खेकड्यांसाठी एमटीआर्ट, सस्तन प्राण्यांसाठी एमटीमॅम. ठाणे खाडीतल्या तिवरांचं क्लोरोप्लास्टमधलं प्रथिन असेल तर सीपीरेव्ह. फ्लूच्या विषाणूसाठी फ्लू नावाचंच मॉडेल आहे. केंद्रकातल्या जनुकांच्या प्रथिनांसाठी एलजी, वॅग, जेटीटी.

या शेवटच्या तिघांना प्रत्येक यादीत ठेवा, माशांच्याही. सर्वसाधारण तक्त्यांपेक्षा खास तक्ता खरंच बरा बसतो का, हे त्यांच्याशी ताडूनच कळतं. मायटोकॉन्ड्रियातली ही प्रथिनं पटलात रुतलेली असतात, पाण्यापासून दूर राहणारी आम्लं त्यांत जास्त, आणि संकेतही वेगळा. त्यामुळे खास तक्ता पुढे असायला हवा. तो मागे पडला, तर आधी टप्पा २ परत तपासा.

नेहमीची चूक: ‘अलाइनमेंट ब्लॉसम ६२ वापरून केली, म्हणून झाडालाही ब्लॉसम ६२.’ अलाइनमेंट करताना गुण द्यायला वापरलेला तक्ता आणि झाड काढतानाचं मॉडेल ही दोन वेगळी कामं आहेत. एकाचा दुसऱ्यावर काही हक्क नाही.

१९०च्या १९० जोड्यांचे दर तुमच्याच डेटावरून काढणारं जीटीआर-२० हे मॉडेलही मिळतं. एका जनुकासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. ३८० स्तंभांतून १८९ दर काढणं म्हणजे उसाच्या एका कांड्यातून हंडाभर रस काढणं.

## टप्पा ५: पुरवण्यांची किंमत समजून घ्या

मॉडेलच्या नावापुढे येणाऱ्या पुरवण्या चार. प्रत्येकीची किंमत पॅरामीटरांत, म्हणजे तुमच्या डेटावरून काढाव्या लागणाऱ्या आकड्यांत.

+जी म्हणजे गॅमा: जागांचे वेग वेगवेगळे मानायचे. किंमत एक पॅरामीटर.
+आय: काही जागा कधीच बदलत नाहीत असं मानायचं. किंमत एक.
+आर४: वेगांचे चार गट, पण गॅमाच्या साच्यात न बसवता मोकळे सोडलेले. किंमत सहा.
+एफ: आम्लांचं प्रमाण तक्त्यातलं न घेता तुमच्या डेटातून मोजायचं. किंमत १९.

बहुतेक गोंधळ +एफमुळे होतो. नावात एकच अक्षर वाढतं म्हणून ती स्वस्त वाटते, पण सर्वांत महाग तीच.

+आय आणि +जी एकत्र आले तर गॅमाचा आकडा अहवालात एकटा लिहू नका. अगदी हळू बदलणाऱ्या जागा ‘न बदलणाऱ्या’ म्हणून मोजायच्या की ‘फार हळू’ म्हणून, यावर दोघांची ओढाताण होते, आणि दोन्ही आकडे एकमेकांना ढकलत राहतात.

## टप्पा ६: चालवा

अलाइनमेंटची फाइल ‘डॅश एस’पुढे द्या. ‘डॅश एम’पुढे ‘एमएफ’ लिहिलं तर फक्त मॉडेलांची तुलना होते, ‘एमएफपी’ लिहिलं तर तुलना होऊन लगेच झाडही निघतं. पहिल्या खेपेला ‘एमएफ’च द्या, म्हणजे झाड बघण्याआधी तुलना वाचायची सवय लागते. टप्पा ४ची यादी ‘एमसेट’ या पर्यायात स्वल्पविराम देऊन लिहा. ‘सीड’ला, म्हणजे यादृच्छिक निवडी जिथून सुरू होतात त्या आकड्याला, एक ठरावीक किंमत द्या आणि वहीत टिपून ठेवा.

२४ मासे आणि ३८० स्तंभ हे साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांचं काम. पुढे जनुकं वाढली आणि रात्रभर चालवायची वेळ आली, तर झाकण मिटून लोकल पकडू नका. लॅपटॉप झोपतो आणि काम तिथेच थांबतं.

सावधान: दुरुस्त केलेली अलाइनमेंट जुन्याच नावाने ठेवून पुन्हा चालवू नका. आयक्यू-ट्री आधीच्या धावेच्या खुणा जपून ठेवतं. त्या शेजारीच पडलेल्या असल्या की ‘काम आधीच झालं आहे’ म्हणून ते थांबतं. प्रत्येक खेपेला निकालाच्या फाइलींना नवा प्रीफिक्स, म्हणजे नावाची नवी सुरुवात, द्या.

तपासा: सुरुवातीलाच स्क्रीनवर काही आकडे येतात. किती सिक्वेन्स, किती स्तंभ, त्यातले माहिती देणारे किती, आणि प्रत्येक सिक्वेन्समधल्या आम्लांच्या प्रमाणाची कसोटी उतरली की नाही. हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिक्वेन्स डीएनए म्हणून ओळखला की प्रथिन म्हणून, हेही तिथेच दिसतं.

## टप्पा ७: निकालाचा तक्ता वाचा

इथे सावकाश.

नुसता लॉग-लाइकलिहुड बघून मॉडेल निवडता येत नाही. पॅरामीटर वाढवले की तो सुधारतोच, निदान बिघडत तरी नाही. म्हणून पॅरामीटरचा दंड लावणारे निकष आले. एआयसी म्हणजे पॅरामीटरांची दुप्पट वजा लॉग-लाइकलिहुडची दुप्पट. बीआयसीत पॅरामीटरला दोनाऐवजी स्तंभसंख्येच्या नैसर्गिक लॉगने गुणतात. एआयसीसी म्हणजे थोड्या डेटासाठी दंड वाढवलेला एआयसी. तिन्हींत आकडा जितका कमी तितका बरा.

आपल्या उदाहरणात हिशेब करून बघू. २४ जातींच्या मूळ नसलेल्या झाडाला दोनदा २४ वजा ३, म्हणजे ४५ फांद्या. प्रत्येक फांदीची लांबी हा एक पॅरामीटर. एमटीव्हर+जी म्हणजे ४६ पॅरामीटर, एमटीव्हर+एफ+जी म्हणजे ६५. समजा पहिल्याचा लॉग-लाइकलिहुड −३१२० आला आणि दुसऱ्याचा −३०८५. दुसरं ३५ने बरं. ३८०चा नैसर्गिक लॉग ५.९४.

| निकष | एमटीव्हर+जी | एमटीव्हर+एफ+जी | कोण पुढे |
|---|---|---|---|
| एआयसी | ६३३२.० | ६३००.० | +एफ असलेलं |
| एआयसीसी | ६३४५.० | ६३२७.३ | +एफ असलेलं |
| बीआयसी | ६५१३.२ | ६५५६.१ | +एफ नसलेलं |

डेटा तोच, झाड तेच, आणि निकषांचं मत उलट. कारण एआयसीच्या लेखी १९ पॅरामीटरांची किंमत ३८, तर बीआयसीच्या लेखी जवळपास ११३. म्हणजे बीआयसीला पटायला लॉग-लाइकलिहुड ५६हून जास्त सुधारायला हवा होता. हा हिशेब एकदा स्वतः हाताने करा. नंतर निकालाचा तक्ता बघताना तो नुसता आकड्यांचा ढीग वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा उमगली. पुरवण्या सारख्याच असल्या, म्हणजे एलजी+जी विरुद्ध एमटीव्हर+जी असं असलं, तर पॅरामीटर दोघांचे सारखेच. तक्ते तयार असतात, तुमच्या डेटावरून काढलेले नसतात. मग तिन्ही निकष एकच क्रम देतात. निकषांची भांडणं होतात ती पुरवण्यांवरून. म्हणून आधी एकाच पुरवणीतले तक्ते ताडा. तिथे खास तक्ता मोठ्या फरकाने पुढे असला तर मुख्य प्रश्न सुटला. +एफ ठेवायची की नाही, ही त्यानंतरची गोष्ट.

मग निकष कोणता घ्यावा? आयक्यू-ट्री वेगळं सांगितलं नाही तर बीआयसी घेतं, आणि एका जनुकाच्या झाडासाठी मीही तोच घ्या असं सांगेन. स्तंभ थोडे असताना पॅरामीटरांची चैन परवडत नाही. पण निकष आधी ठरवा. तिन्ही बघून हवं ते झाड देणारा निवडायचा, ही स्वतःची फसवणूक आहे.

पहिल्या दोन मॉडेलांच्या बीआयसीत दोनाहून कमी फरक असला तर ती बरोबरीत आहेत असं समजा. दहाहून जास्त असला तर निकाल स्पष्ट आहे. आयक्यू-ट्री प्रत्येक मॉडेलपुढे वजन आणि अधिक किंवा उणे चिन्हही छापतं. अधिक चिन्हाची सगळी मॉडेलं ९५ टक्के विश्वासाच्या संचात येतात. ती सगळी टिपून ठेवा, पुढच्या टप्प्यात लागतील.

सावधान: एका सॉफ्टवेअरचा बीआयसी दुसऱ्याच्या बीआयसीशी ताडू नका. फांद्यांच्या लांबीला पॅरामीटर धरायचं की नाही, इथपासून हिशेब वेगळे असू शकतात.

## टप्पा ८: मॉडेल बदललं की झाड बदलतं का?

बहुतेक जण हा टप्पा गाळतात, आणि खरं तर सगळी तुलना याच्यासाठीच असते.

विश्वासाच्या संचातलं पहिलं मॉडेल, दुसरं मॉडेल, आणि मुद्दाम एक मागे पडलेलं सर्वसाधारण मॉडेल, समजा एलजी+जी, अशी तीन झाडं काढा. प्रत्येकाला १००० अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप आणि १००० एसएच-एएलआरटी द्या. प्रत्येक फांदीला डेटाचा किती आधार आहे, ते या दोन चाचण्या टक्क्यांत सांगतात. तिन्ही झाडं शेजारी ठेवून बघा. कोणते गट तिन्हींत आहेत, कोणते फक्त एकात?

आपल्या माशांत पहिली तपासणी सोपी. बांगडा आणि सुरमई एकाच कुळातले, ते एकत्र यायला हवेत. मांदेली आणि तारली एकत्र यायला हवेत. पापलेट हलव्यापेक्षा बांगड्या-सुरमईच्या बाजूला यावं, अनेक जनुकांवरच्या अभ्यासांतून तेच दिसतं. यातलं काही चुकलं तर लगेच मॉडेलवर खापर फोडू नका. एका जनुकात इतक्या जुन्या फांद्या सोडवण्याइतकी माहिती नसते, आणि तेव्हा त्या फांद्यांचा आधारही कमी असतो. आधार कमी आणि जागा चुकलेली, हे चालू शकतं. आधार भरपूर आणि जागा चुकलेली, हे मात्र थांबून बघायला हवं.

नेहमीची चूक: अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपला जुन्या बूटस्ट्रॅपसारखं ७० टक्के पुरेसं मानणं. इथे ९५ किंवा जास्त हवं, आणि सोबत एसएच-एएलआरटी ८० किंवा जास्त.

नेहमीची चूक: ज्या मॉडेलने बूटस्ट्रॅप जास्त दिले ते चांगलं मॉडेल. नाही. न बसणारं मॉडेल चुकीच्या फांदीलाही १०० देऊ शकतं. लांब फांद्या एकमेकींकडे ओढल्या जातात तेव्हा नेमकं हेच होतं.

दोन मॉडेलांची झाडं खरंच वेगळी आली, तर दोन्ही झाडं एका फाइलमध्ये घालून, निवडलेल्या मॉडेलखाली, गोठवलेल्या अलाइनमेंटवर एयू चाचणी (डेटा कोणतं झाड नाकारतो ते बघणारी) करा. पी ०.०५हून कमी आला तर ते झाड नाकारलं गेलं. दोन्ही टिकली तर ‘या डेटावरून या दोघांत निवड करता येत नाही’ असं सरळ लिहा. परीक्षकाला ते वाक्य आवडतं, हे मी अनुभवाने सांगतो.

## टप्पा ९: पहिलं आलेलं मॉडेल पुरेसं आहे का?

सात मॉडेलांत पहिलं येणं म्हणजे त्या सातांत बरं असणं. डेटाला ते खरंच बसतं का, हे वेगळं बघावं लागतं.

सर्वांत स्वस्त तपासणी टप्पा ६मध्येच झाली आहे: आम्लांच्या प्रमाणाची कसोटी. आपली सगळी मॉडेलं असं धरतात की प्रमाण संपूर्ण झाडात सारखंच आहे. २४ सिक्वेन्स आणि ५ टक्क्यांची पातळी, म्हणजे एखादा नापास होणं नुसत्या योगायोगानेही घडतं. चार-पाच नापास झाले आणि ते झाडात एकमेकांजवळ आले, तर सावध व्हा. नात्यामुळे जवळ आले की सारख्या प्रमाणामुळे? त्यातले एक-दोन वगळून झाड परत काढा आणि उरलेले हलतात का बघा.

थोडी जास्त मेहनत घ्यायची तयारी असेल तर निवडलेलं मॉडेल आणि झाड घेऊन आयक्यू-ट्रीमधल्या अलीसिमने शंभर कृत्रिम अलाइनमेंट बनवा. प्रत्येकीत एका स्तंभात सरासरी किती वेगवेगळी आम्लं येतात ते मोजा आणि खऱ्या फाइलशी ताडा. खऱ्या फाइलमध्ये ही संख्या सगळ्या कृत्रिम फाइलींपेक्षा कमी आली, तर प्रत्येक जागेला ठरावीकच आम्लं चालतात आणि तुमच्या मॉडेलला ते कळत नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा वेगवेगळ्या जागांना आम्लांचं वेगवेगळं प्रमाण मानणाऱ्या सी१० ते सी६० या मिश्र मॉडेलांचा विचार करावा लागतो. ती आपोआप तुलनेत येत नाहीत, ‘एमॲड’ पर्यायाने घालावी लागतात. एका छोट्या जनुकासाठी सी१०च्या पुढे जायची गरज मला क्वचितच वाटली आहे.

## टप्पा १०: मूळ कुठे ठेवायचं

ही सगळी मॉडेलं काळाची दिशा ओळखत नाहीत. येणाऱ्या झाडाला मूळ नसतं. चित्रात जो मासा सर्वांत बाहेर दिसतो तो बहुधा फाइलमधला पहिला सिक्वेन्स असतो, ‘सर्वांत आदिम मासा’ नव्हे.

मूळ ठेवायला बाहेरचा गट लागतो, म्हणजे बाकीच्या सगळ्यांपेक्षा दूरच्या नात्यातल्या जाती. आपल्या यादीत मांदेली आणि तारली बाहेरचा गट म्हणून चालतात, कारण बोंबील आणि बाकीचे त्यांच्यापेक्षा एकमेकांना जवळचे. मुशी घ्यायचा मोह होतो, शार्क म्हणजे नक्कीच बाहेरची. पण ती इतकी दूरची आहे की तिची लांब फांदी आतल्या कोणत्याही लांब फांदीला जाऊन चिकटू शकते. जवळचा बाहेरचा गट घ्या, आणि शक्य तर एकाऐवजी दोन जाती.

## टप्पा ११: अहवालात नेमकं काय लिहायचं

पद्धतीच्या परिच्छेदात एवढं यायलाच हवं: सिक्वेन्सची संख्या, छाटणीनंतरचे स्तंभ, ट्रान्सलेशनचा तक्ता क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, उमेदवार मॉडेलांची यादी, निकष, निवडलेल्या मॉडेलचं पुरवण्यांसकट नाव, दुसऱ्या क्रमांकाचं मॉडेल आणि दोघांतला फरक, बूटस्ट्रॅपची पद्धत आणि संख्या, सीड, बाहेरचा गट.

आपल्या उदाहरणात त्यातला मुख्य भाग असा दिसेल: ‘२४ जातींच्या सायटोक्रोम-बी प्रथिनाची ३८० स्तंभांची अलाइनमेंट वापरली. ट्रान्सलेशन तक्ता २ने केलं. मायटोकॉन्ड्रियाची चार आणि सर्वसाधारण तीन अशा सात मॉडेलांची बीआयसीवर तुलना केली. एमटीव्हर+जी निवडलं. एलजी+जी वापरून काढलेल्या झाडात बोंबलाची जागा बदलली, पण त्या फांदीचा आधार दोन्ही झाडांत ९५च्या खाली आहे.’

शेवटचं वाक्य तुमच्या डेटात जे दिसेल तसं बदला, पण गाळू नका. गोठवलेली अलाइनमेंट, लॉग फाइल आणि निकालाची फाइल या तिन्ही अहवालासोबत पेनड्राइव्हवर द्या. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न याच फाइलींवरून येतो.